मालवणीची दारू आणि फळ्यावरचे समीकरण

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. आपल्या धाराशिवकडे साखर कारखान्यांत उसाच्या मळीपासून होते ते इथेनॉल. दिसायला दोन्ही पाण्यासारखीच!

गुरुजी वर्गात आम्लयुक्त डायक्रोमेटमध्ये इथेनॉल घालून तापवतात. नारिंगी द्रावण हिरवे होते. मुले समीकरण घोकतात, बस्स. पण हेच ऑक्सिडीकरण यकृतातही चालते, हे त्यांना सांगा. तिथे इथेनॉलचे ॲसेटिक आम्ल होते, म्हणजे व्हिनेगरमधलेच. मिथेनॉलचे मात्र फॉर्मिक आम्ल बनते. त्याने दृष्टी जाते, प्राणही जातो. नवल असे, की रुग्णालयात यावर कधीकधी इथेनॉलच देतात! यकृतातले विकर आधी त्यात गुंतते, आणि तेवढ्यात डॉक्टरांना मिथेनॉल शरीराबाहेर काढायला अवसर मिळतो.