कार्बन नॅनोट्यूबच्या आधीची वीस वर्षं

पीएचडीच्या मुलाखतीत ‘रिसर्च इंटरेस्ट काय?’ असं विचारलं की आपण ‘नॅनो’ म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. लगेच पुढचा प्रश्न आला, ‘बरं, त्यातलं तुम्हाला करता काय येतं?’ मी गप्प. पुढे सुमिओ इजिमा यांचा प्रवास वाचला तेव्हा कुठे त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

इजिमा यांचा जन्म १९३९चा, जपानमधला. तोहोकू विद्यापीठातून १९६८मध्ये पीएचडी केली. १९७०मध्ये ते अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात जॉन काऊली यांच्याकडे गेले आणि १९८२पर्यंत तिथंच राहिले. काम एकच: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून अणूंची रचना थेट बघणं. १९७१मध्ये त्यांनी टायटॅनियम-नायोबियम ऑक्साइडच्या स्फटिकातली धातूच्या अणूंची मांडणी फोटोत दाखवली.

१९८०मध्ये त्यांना कार्बनचे कांद्यासारखे, एकात एक गोल थर असलेले कण दिसले. त्यांनी ते छापलेही. पण मधली चिमुकली गोळी म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९८५मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी सी-६० शोधला. मग १९८७मध्ये इजिमांनी तेच जुने फोटो पुन्हा काढले आणि ती गोळी सी-६०शी जुळते असं मांडलं. म्हणजे दिसलं होतं आधी, अर्थ लागला सात वर्षांनी!

त्याच वर्षी ते एनईसी कंपनीत गेले. १९९०मध्ये क्रॅट्श्मर आणि हफमन यांनी ग्रॅफाइटच्या कांड्यांपासून सी-६० भरपूर बनवायची रीत दाखवली. बहुतेकांचं लक्ष उडालेल्या काजळीकडे. इजिमांनी निगेटिव्ह इलेक्ट्रोडवर साचलेला थर मायक्रोस्कोपखाली धरला. त्यात सुया होत्या: एकात एक बसलेल्या २ ते ५० नळ्या. नोव्हेंबर १९९१मध्ये ‘नेचर’मध्ये पेपर आला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा नळ्या याआधीही दिसल्या होत्या. १९५२मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी रशियन भाषेत, तर १९७६मध्ये ओबर्लिन, एंडो आणि कोयामा यांनी पोकळ कार्बन तंतूंचे फोटो छापले होते. त्यामुळे ‘शोध कुणाचा?’ हा वाद आजही निघतो, आणि तो रास्तच आहे. इजिमांचं वेगळेपण असं, की त्यांनी इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनवरून भिंतीतले षटकोन मळसूत्रासारखे फिरतात हे वाचून दाखवलं. शिवाय सी-६०मुळे जग ते ऐकायला तयार होतं. २००८चं पहिलं काव्हली पारितोषिक नॅनोसायन्ससाठी त्यांना लुई ब्रूस यांच्याबरोबर मिळालं.

म्हणून एसओपी लिहिताना फक्त विषयाचं नाव देऊन थांबू नका. कोणतं उपकरण, कोणती पद्धत तुम्ही वर्षानुवर्षं कंटाळा न करता वापराल, तेही लिहा. आणि जुना डेटा फेकू नका!