तळटीप : द्रवस्फटिक पॉलिमर

* द्रवस्फटिक पॉलिमर : ज्या पॉलिमरचे लांब, ताठ रेणू वितळलेल्या किंवा विरघळलेल्या स्थितीतही एकाच दिशेने रांग धरून राहतात, ते. असा द्रव बारीक छिद्रातून ओढला की रांग आणखी सरळ होते आणि धागा लांबीच्या दिशेने विलक्षण बळकट बनतो.

आसगावच्या वाचकाला याचे नैसर्गिक उदाहरण घरच्याच जिल्ह्यात सापडेल. भंडाऱ्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या पाळतात. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोसा कापडासाठी नावाजलेले आहे. रेशीमअळीच्या ग्रंथीत प्रथिनाचे दाट द्रावण असते. अळी डोके हलवत ते ओढते, तेव्हा द्रवस्फटिक अवस्थेतून जात त्याचा पाण्यात न विरघळणारा धागा होतो. रेशीमस्रावाची ही अवस्था १९९१ साली ‘नेचर’मध्ये नोंदली गेली.

प्रयोगशाळेत १९६५ साली ड्युपाँटच्या स्टेफनी क्वोलेक यांना ताकासारखे पातळ, गढूळ द्रावण मिळाले. टाकाऊ वाटणाऱ्या त्या द्रावणाचा धागा काढण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्यातूनच केवलार आले.

वितळवून साच्यात भरता येणारे प्रकार त्यानंतरचे : १९८४ मध्ये झायडार, १९८५ मध्ये सेलानीजचे व्हेक्ट्रा. उष्णता आणि रसायनांना ते दाद देत नाहीत, अगदी पातळ साचेही सहज भरतात. म्हणून मोबाइलमधले बारीक कनेक्टर यांचेच. मात्र आडव्या दिशेने ताकद कमी, साच्यात दोन प्रवाह मिळतात तो सांधा कच्चा आणि किंमत चढी.

१९९७ मध्ये पाथफाइंडर यान मंगळावर उतरले, ते याच कुळातल्या व्हेक्ट्रान धाग्याने विणलेल्या हवेच्या पिशव्यांवर. — संपादक