परीक्षेतले इंग्रजी आणि कानावरचे इंग्रजी

शाळेत आठ-दहा वर्षे इंग्रजी शिकलेला, व्याकरणाच्या प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळविलेला मुलगा प्रत्यक्ष इंग्रजी बोलणारा माणूस समोर आला की गांगरून जातो, ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. तिचे खापर बहुधा मुलाच्या, नाहीतर मास्तरांच्या डोक्यावर फुटते. आम्हाला हा न्याय मान्य नाही. या दोषाला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः परीक्षेचा इतिहास आहे. परीक्षेला जे मोजता आले ते शाळेने शिकविले; जे मोजता आले नाही ते मागे पडले. व्याकरण कागदावर मोजता येते. कान कागदावर मोजता येत नाही. एवढ्या एका अडचणीतून पुढचे बरेचसे रामायण घडले आहे.

परीक्षा नव्हती तेव्हा काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी असे दोन रकाने शेजारी शेजारी असत. एका रकान्यातला मजकूर दुसऱ्याशी ताडून पाहावा आणि इंग्रजीत पाऊल पुढे टाकावे, अशी सोय त्यात आपोआप झाली होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्या काळी ऑर्लिबार, हार्कनेस यांच्यासारखे इंग्रज अध्यापक होते. विद्यार्थी मोजके, गुरू समोर, आणि गुरूची भाषाच इंग्रजी. त्या शिक्षणात कानाला सुटी नव्हती. दादाभाई नौरोजी याच संस्थेतले. ते १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले आणि तेथे उभे राहून इंग्रजांना त्यांच्याच भाषेत चार गोष्टी सुनावू लागले. अर्थात हे शिक्षण मूठभरांचे होते, आणि ते तसेच राहिले असते तर आम्हाला त्याचे कौतुक करवले नसते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८६२ साली हे दोघे आणि त्यांच्याबरोबर बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. येथून एक नवी गोष्ट सुरू झाली. आता रत्नागिरीचा, साताऱ्याचा, धुळ्याचा मुलगा कोणा अनोळखी परीक्षकापुढे आपला कागद ठेवणार होता. परीक्षकाने त्याला पाहायचे नव्हते, त्याची जात, गाव, पेहराव काहीच पाहायचे नव्हते. या व्यवस्थेत मोठा न्याय होता. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले ते याच वाटेने. पण जो परीक्षक मुलाला पाहत नव्हता, तो त्याचा आवाजही ऐकत नव्हता. न्यायासाठी जी आड भिंत घातली, तिच्या पलीकडे कान आणि तोंड दोन्ही राहून गेले.

मग कागदावर काय विचारायचे? शब्दांचे व्याकरण चालवा, वाक्याचे पृथक्करण करा, कर्तरीचे कर्मणी करा, प्रत्यक्ष कथन अप्रत्यक्ष करा, गाळलेली शब्दयोगी अव्यये भरा. या प्रश्नांचे उत्तर बरोबर असते किंवा चूक असते; दोन परीक्षकांत मतभेद होत नाही. हजारो पेपर थोड्या दिवसांत तपासणाऱ्याला यापरते सोयीचे काय असणार? विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात इतिहास आणि गणित यांची उत्तरेही इंग्रजीतच लिहावी लागत, तेव्हा इंग्रजी वाक्य चुकले की इतर विषयही डगमगत. 'मॅट्रिकला इंग्रजीत गेला' हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत किती घरांत उच्चारले गेले असेल, याची गणती नाही. त्या एका पेपरावर कारकुनी, मास्तरकी, वकिली अशा साऱ्या वाटा अडून बसत.

येथे एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या व्याकरणाच्या छंदाने इंग्रजी बोलणे साधले नसेल; मराठीचे मात्र भले झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. ज्यांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला त्या मेजर कँडी यांनी स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत आणून बसविली. त्यापूर्वी आपली वाक्ये दंडावर नाहीतर वाचणाऱ्याच्या दमावर थांबत. आगरकरांनी १८८८ साली वाक्यमीमांसेवर पुस्तक लिहिले, तेही इंग्रजीतल्या वाक्यपृथक्करणाच्या धर्तीवर. म्हणजे मुलगा इंग्रजीच्या पेपरासाठी जे घोकत होता, त्याच्याच साहाय्याने मराठीचा विद्वान आपल्या भाषेची हाडे मोजीत होता.

तर्खडकर हे नाव निघालेच आहे, तर त्याच आडनावाच्या भाषांतर पाठमालेला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, मध्ये एक नियम शिका, पुन्हा वाक्ये करा, असा तिचा क्रम. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती गिरविली. तिची थट्टा करणारे बरेच आहेत. आम्ही त्यांत नाही. खेड्यातल्या ज्या मुलाला इंग्रज अध्यापक दिसण्याचा संभव नव्हता, शिकवणीला पैसे नव्हते, त्याला या पुस्तकाने कंदिलाच्या उजेडात एकट्याने इंग्रजी शिकण्याची वाट दिली. पण ही वाट डोळ्यांची होती. पाठमाला बोलत नाही.

गंमत अशी की, इंग्रजी कानाने कसे शिकावे याचा उत्तम दाखलाही याच घराण्यात सापडतो. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. १८७८ साली रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जाण्यापूर्वी काही आठवडे मुंबईत त्यांच्या घरी राहिले. उद्देश असा की, सतरा वर्षांच्या या मुलाला इंग्रजी बोलण्याचालण्याचा सराव व्हावा. हा सराव त्याला दिला तो आत्मारामपंतांची कन्या अन्नपूर्णा हिने. ती विलायतेस राहून आली होती. रवींद्रनाथांनी इंग्रजी पुस्तके वाचली नव्हती असे नाही. तरीही घरच्यांना वाटले की मुलाने ती भाषा चालताबोलता ऐकली पाहिजे. ठाकुरांच्या घरी ही जाणीव होती आणि तशी सोय करण्याची ऐपतही होती. ज्यांच्यापाशी ती ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी शाळेनेच ते करावयाला हवे होते.

शाळांनी प्रयत्न केले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी 'डायरेक्ट मेथड'चा बराच गाजावाजा झाला. मराठीचा आधार न घेता, वस्तू दाखवून, कृती करून, थेट इंग्रजीतच इंग्रजी शिकवावे, असे तिचे म्हणणे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात पी. सी. रेन नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी १९११ साली या पद्धतीच्या पुरस्कारार्थ पुस्तक लिहिले. हेच रेन पुढे 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या कादंबरीमुळे जगभर गाजले. पण आपल्याकडे ते घरोघर पोहोचले ते यांपैकी कशामुळेच नव्हे. १९३० नंतरच्या दशकात निघालेले 'रेन अँड मार्टिन'चे जाडजूड व्याकरण, त्यातला हा रेन! थेट बोलून इंग्रजी शिकवा म्हणणाऱ्या माणसाचे नाव अमर झाले ते नियम आणि अभ्यासमालांच्या पुस्तकावर. परीक्षेचा ओढा किती जबर असतो, हे दाखवायला आम्हाला याहून बोलके उदाहरण आठवत नाही.

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. कारण मराठी मुलाची अडचण नेमकी कोठे आहे हे कळल्याशिवाय सराव कसला करायचा तेच कळत नाही. अप्रत्यक्ष कथनाचा प्रश्न घ्या. मराठीत आपण सहज म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' 'की' आला तरी 'मी' तो 'मी'च राहतो आणि 'उद्या'ही 'उद्या'च राहतो. इंग्रजीत 'दॅट' आला की सारे घर हलते: 'मी'चा 'तो' होतो, वर्तमानकाळाचा भूतकाळ होतो, 'टुमॉरो'चा 'नेक्स्ट डे' होतो. मुलगा हे नियम कोष्टकासारखे पाठ करतो आणि पेपरात बिनचूक उतरवतो. पण इंग्रजी बोलणारा माणूस ते कोष्टक मनात ठेवून बोलत नाही. तो एकाच्या तोंडची गोष्ट स्वतःच्या जागेवरून दुसऱ्याला सांगत असतो. वर्गात एका मुलाने निरोप सांगावा, दुसऱ्याने तो ऐकून तिसऱ्याला पोहोचवावा, असे चार दिवस केले तर कोष्टकाचे मर्म आपोआप कळते. 'अ' आणि 'द' या उपपदांचेही तसेच. मराठीत उपपद नाही. नियम घोकून ते हाती लागत नाही, ऐकून ऐकून लागते.

आणि ऐकण्यातही खरी मेख आहे ती निराळीच. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना सारखाच मान देतो. इंग्रजीत एका अक्षरावर आघात येतो आणि बाकीची अक्षरे गिळली जातात. 'फोटोग्राफ' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर. 'फोटोग्राफी' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला 'फो' जवळजवळ 'फ' होतो. 'रेकॉर्ड' हे नाम असले तर आघात आरंभी, क्रियापद असले तर शेवटी. ज्याने हे शब्द फक्त छापील पाहिले, त्याला ते कानावर पडले तरी ओळखू येत नाहीत. शब्द माहीत असतो. त्याचा आवाज माहीत नसतो. आपल्या लिपीने 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे घेऊन इंग्रजी स्वर टिपण्याची शिकस्त केली, पण आघात टिपायला तिच्यापाशी चिन्ह नाही.

ज्यांना कानाने इंग्रजी शिकण्याचा अवसर मिळाला, त्यांनी तो घेतला आहे. १९३०च्या दशकापासून बॉबी तल्यारखान रेडिओवरून क्रिकेटचे धावते वर्णन करू लागले. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या दिवसांत इराण्याच्या हॉटेलाबाहेर घोळका करून ते ऐकणाऱ्यांत इंग्रजीत गचकलेले विद्यार्थी पुष्कळ असले पाहिजेत, आणि चेंडू कोठे गेला हे त्यांना बरोबर कळत होते. तेथे गुण नव्हते. कळण्याची गरज होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवावे असे धोरण आले. मातृभाषेवरचा बोजा कमी व्हावा हा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, तीन-चार वर्षांत शालान्त परीक्षेपुरते इंग्रजी उरकायचे, आणि उरकायचे म्हटले की पुन्हा व्याकरण व गाइड. पुढे इंग्रजी खाली खाली येत गेले; २००० साली महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. वर्षे वाढली, लेखी पेपराचे वजन मात्र बव्हंशी तसेच राहिले.

अलीकडच्या काळात शालान्त परीक्षेत भाषांना ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी अशी वाटणी झाली, तेव्हा कानाला आणि तोंडाला प्रथमच काही किंमत आली. पण हे २० गुण शाळेनेच द्यायचे असल्याने ते सढळ हाताने वाटले जातात, अशी ओरड झाली. आणि २०१९च्या परीक्षेत ते काढून टाकण्यात आले. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, तेव्हा सारी घसरण या एकाच कारणाने झाली असे आम्ही म्हणणार नाही. पालकांत मोठी खळबळ उडाली, गुण परत आले, आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. या साऱ्या वादात निकालाची टक्केवारी हजार वेळा उच्चारली गेली; मुलांना इंग्रजी ऐकून कळते की नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

तो विचारला तर मास्तर काय उत्तर देतील, ते आम्हाला ठाऊक आहे. साठ मुलांचा वर्ग; प्रत्येकाची तोंडी परीक्षा पाच मिनिटे; म्हणजे एका वर्गाला पाच तास. असे तीन वर्ग, आणि भाषाही तीन. हा हिशेब खोटा नाही, आणि सढळ गुणांचे मूळ पुष्कळदा या हिशेबातच असते. परंतु बोलणे तपासायला एकेक मूल घ्यावे लागते, ऐकणे तपासायला लागत नाही. जुन्या शाळांत शुद्धलेखन घालीत असत. मास्तर वाचीत, मुले ऐकून लिहीत. तो स्पेलिंगाचा तास मानला गेला आणि पुढे मागे पडला. वस्तुतः जुन्या शाळेतला कानाचा तास तोच होता. इंग्रजीचा एक छोटा उतारा, चालू बोलण्याच्या गतीने, आघातासह, दोनदा वाचावा. पहिल्या वेळी मुलांनी नुसते ऐकावे, दुसऱ्या वेळी लिहावे, आणि मग शेजाऱ्याशी वही बदलून फळ्यावरच्या उताऱ्याशी ताडून पाहावे. याला साठ मुलांमागे वीस मिनिटे लागतात, आणि खर्च खडूचा.