हत्ती पहिल्याच वाक्यात

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावात मुलांना गोष्ट कधी परकी नव्हती. परका होता तो कागद. हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात होता त्याचा कारभार १८८४ पासून उर्दूत चालू लागला, १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं, आणि सरकारी शाळांच्या वरच्या इयत्तांत मराठी माध्यमाला जागा उरली नाही. मराठी गोष्ट राहिली ती श्रावणातल्या कहाणीत आणि कीर्तनाच्या आख्यानात, म्हणजे ऐकण्यापुरती. ऐकणाऱ्याला ‘आटपाट नगर’ एवढी सुरुवात पुरते, कारण पुढचं काम सांगणारीचा आवाज करतो. कागदावर तो आवाज नसतो. म्हणून लिहिणाऱ्या मुलाला पहिलं वाक्य वेगळं शिकवावं लागतं.

संस्थानी राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, १९६० मध्ये मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि वर्गात मराठी स्थिरावली. पण वर्गातल्या गोष्टीचा साचा त्याआधीच ठरून गेला होता. १८०६ मध्ये सरफोजीराजांच्या तंजावरात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती आली, आणि गोष्ट म्हणजे तात्पर्याकडे जाणारी वाट हे शाळेच्या अंगवळणी पडलं. ‘मुद्द्यांवरून कथा लिहा’ या प्रश्नात आजही शीर्षक आणि तात्पर्य मागतात. लाकूडतोड्या, नदीकाठ, कुऱ्हाड पाण्यात पडणे, असे मुद्दे दिले की मूल ते ओळीने जोडत जातं. कुऱ्हाड पाण्यात पडते ती तिसऱ्या वाक्यात, आणि तोवर वाचणाऱ्याने थांबावं असं काहीच घडलेलं नसतं. याचा दोष मुलाचा नाही. सुरुवातीबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

‘एका गावात’ या सुरुवातीचा लहानग्यांना आधार आहे, तो काढू नका, असं शिक्षक म्हणतील, आणि ते खरं आहे. तो काढायची गरजही नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, एकूण ११४. त्यातला आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टांतही कुठल्याशा एका गावापासूनच सुरू होतो, पण त्याच वाक्यात गावात हत्ती आलेला असतो. लगेच आंधळे तो पाहायला निघतात. हेतू निखळ धर्मबोधाचा, तरी घटना बोधासाठी खोळंबत नाही. गोदाकाठी फिरलेल्या या परंपरेचा धडा तिसरीच्या वर्गात सहज बसतो: ओळखीचं गाव राहू द्यावं, फक्त त्याच वाक्यात काहीतरी येऊ द्यावं. ‘चुडाव्यात एक शेतकरी राहत होता’ याऐवजी ‘चुडाव्याच्या स्टेशनात गाडीतून एक वासरू उतरलं’.

आधी शुद्धलेखन, मग हे लाड, हा आक्षेपही नेहमीचा. पण मुलांकडून फक्त पहिलं वाक्य लिहून घेतलं तर अख्ख्या वर्गाच्या वेलांट्या एका तासात तपासून होतात, पानभर कथेच्या तपासता येत नाहीत. शिवाय वासरू कुणाचं, हे वर्गातलं दुसरं मूल विचारणारच, आणि उत्तरासाठी पहिल्याला पुढचं वाक्य लिहावं लागेल.