परकोट, किल्ला आणि जुनीं छायाचित्रें

वऱ्हाडांतील जुन्या घराण्यांच्या माजघरांत देवादिकांच्या तसबिरींशेजारीं एखादें पिवळें पडलेलें छायाचित्र हमखास आढळतें. डोक्यास पागोटें, अंगांत लांब अंगरखा, एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि मागें रंगविलेला पडदा. घरांत वृद्ध माणसें असेपर्यंत हे गृहस्थ कोण, हें सर्वांस ठाऊक असतें. तीं माणसें गेलीं म्हणजे ‘पणजोबांच्या वेळचें कोणी तरी’ एवढीच ओळख उरते. आणि वाडा पाडण्याची वेळ आली कीं तें चित्र चौकटीसह रद्दीच्या गाडीवर जातें. अमरावती आणि अकोला या शहरांच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासाचा मोठा भाग अशाच वस्तूंत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींत विखुरलेला आहे. त्यांवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

अमरावतीचा परकोट प्रथम पाहावा. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला, वऱ्हाडांतील दुअमली संपली आणि निजामाचा अंमल बसला. अंमल बसला, पण स्वस्थता आली नाहीं. पेंढाऱ्यांच्या टोळ्या मोकाट होत्या, आणि अमरावतींत तर सावकारांचा व व्यापाऱ्यांचा पैसा सांठलेला. त्यांच्या रक्षणार्थ १८०७ मध्यें निजाम सरकारनें शहराभोंवतीं दगडी परकोट बांधण्यास प्रारंभ केला. त्याचा घेर सुमारें सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. त्यास पांच दरवाजे : अंबा, भुसारी, नागपुरी, महाजनपुरी आणि खोलापुरी, आणि चार खिडक्या : पटेल, छत्रपुरी, माता आणि खुनारी. नागपुरी दरवाजा नागपूरच्या वाटेकडे, खोलापुरी खोलापूर गांवाकडे. नांव हाच त्या काळचा वाटाड्या.

पुढें भुसारी दरवाजाचें नांव जवाहर दरवाजा झालें. नव्या नांवास कोणाचा आक्षेप असण्याचें कारण नाहीं. परंतु जुन्या छायाचित्राच्या पाठीवर कोणीं ‘भुसारी’ एवढेंच लिहून ठेवलें असेल, तर आजच्या मुलास तें चित्र आपल्या रोजच्या वाटेवरचें आहे हें उमगणार नाहीं. शहराचें नांवही पूर्वीं ‘उमरावती’ असें लिहीत व बोलत असत. इतिहास शोधणाऱ्यानें अशीं दुहेरी नांवें आधीं जमवावीं, मग चित्रांकडे वळावें.

त्या परकोटाच्या आंत पैसा आला कोठून? कापसांतून. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारें ५०० मैल दूर मिर्झापुरास नेत आणि तेथून गंगेच्या पाण्यानें कलकत्त्यास. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लाख बैलांचें ओझें होईल इतका कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, असें जुन्या सरकारी गॅझेटियरांत नमूद आहे. वाटेंत पावसानें तो भिजे, धुळीनें मळे, आणि मुक्कामास पोंचेपर्यंत त्याची निम्मी शोभा जाई. हा तांडा कोणाही छायाचित्रकाराच्या भिंगासमोर उभा राहिला नाहीं. त्या वेळीं ही विद्या हिंदुस्थानांत नुकतीच कोठें येऊं लागली होती. मग १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, बडनेऱ्यास स्टेशन झालें, आणि एका पिढीच्या आंत तांड्याची आठवण गोष्टीपुरती राहिली.

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, असें लोक म्हणतात. तें तितकेंसें खरें नाहीं. १८५१ सालीं आर्चर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें शोधलेल्या ओल्या कांचेच्या रीतींत कांच कित्येक सेकंद उजेडांत उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळांत चालणारा माणूस, हलणारा बैल, जाणारी गाडी यांचा केवळ धूर उमटे, किंवा तोही उमटत नसे. त्या काळच्या चित्रांतील पेठा ओसाड दिसतात त्या यामुळें. पेठ ओसाड नव्हती, ती थांबली नव्हती एवढेंच. शिवाय कांच उलट बाजूनें छापली गेली तर डावें तें उजवें होतें. दुकानाच्या पाटीवरील अक्षरें पाहिलीं म्हणजे ही चोरी पकडतां येते.

पण मग दगडावरचा लेख तरी निःशंक मानावा काय? अकोल्याच्या असदगडाची हकीकत येथें मोठी मासलेवाईक आहे. दहीहंडा दरवाजावरील फारसी लेख किल्ल्याचें बांधकाम औरंगजेबाच्या कारकीर्दींतलें, त्याचा वजीर असदखान याच्या वेळचें सांगतो. इतर लेखही त्यास पुष्टि देतात. परंतु अगरवेशीवरील मराठी लेख म्हणतो कीं हा किल्ला गोविंद आप्पाजीनें १८४३ सालीं बांधला! दोन्ही लेख दगडांतलेच. यांतून वाट काढावयाची ती अशी कीं गोविंद आप्पाजीनें बहुधा डागडुजी केली असावी; दुरुस्तीला बांधणी म्हणण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारनें या किल्ल्याची तटबंदी पाडून टाकली. १९१० च्या गॅझेटियरांत किल्ल्याच्या मधल्या भागांतील हवाखान्यांत शाळा भरत असल्याचें म्हटलें आहे. असदखानाच्या वास्तूंत पाढे घोकणाऱ्या त्या मुलांपैकीं कोणाच्या आठवणी लेखनिविष्ट झाल्या असत्या, तर अकोल्यास आज मोठा ठेवा लाभला असता.

१८९७ च्या डिसेंबरांत अमरावतीस राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन भरलें. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक त्या वेळीं राजद्रोहाच्या शिक्षेंत तुरुंगांत होते, आणि सुरेंद्रनाथ बानर्जींनीं त्यांच्याविषयीं सहानुभूतीचे उद्गार काढले. अशा समारंभाच्या समूहचित्रांत पुढील ओळींतील प्रतिष्ठितांचीं नांवें खालीं छापलेलीं असतात. मागें उभे असलेले स्वयंसेवक मात्र अनामिक राहतात. आणि जो मनुष्य प्रसंगीं हजर नव्हता, पण ज्याच्या नांवानें सारी सभा भारली होती, तो तर चित्रांत येतच नाहीं. तेथें रोजनिशी, पत्रें आणि घरांत सांगितलेल्या आठवणी यांचाच आधार घ्यावा लागतो. खापर्ड्यांस रोजनिशी लिहिण्याची दीर्घ संवय होती, ही वऱ्हाडच्या इतिहासाची भाग्याची गोष्ट. ज्या घरांत अशी संवय नाहीं, त्यांनीं निदान चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें नांव, नातें, गांव आणि साल लिहावें. शाईनें लिहूं नये. ती कागदांतून पुढें उमटते. आणि म्हाताऱ्या माणसास ‘हे कोण?’ एवढेंच न विचारतां ‘हें कोठें काढलें, त्या दिवशीं घरांत काय होतें?’ असें विचारावें. नांव विसरलेला मनुष्य प्रसंग सहसा विसरत नाहीं.

उरली ती खुनारी खिडकी. १८१८ सालीं मोहरमच्या दिवसांत या खिडकीपाशीं मोठा दंगा होऊन ७०० माणसें पडलीं, त्यावरून तिला हें नांव मिळालें, असें सांगतात. त्या दिवसाचें चित्र नाहीं, आणि मेलेल्यांच्या नांवांची यादी लोकांच्या स्मरणांत नाहीं. परकोटाचा जो भाग उरला आहे त्यास आज घरें टेकलीं आहेत, दुकानें लागलीं आहेत; आणि अमरावतीकर जुन्या वस्तींतील पत्ता सांगतांना अजूनही दरवाजांचीं व खिडक्यांचींच नांवें घेतात.