चित्रपत्रांतील खेळाडू

१८९६ सालीं इंग्लंडांतील विल्स कंपनीनें सिगारेटच्या पाकिटांतून पन्नास क्रिकेटपटूंचीं चित्रें वांटलीं. अशा चित्रांत राजघराण्यांतले रणजितसिंहजीही झळकले. तीं जुनीं चित्रपत्रें जमविण्याचा छंद आजही टिकून आहे. वाशीमसारख्या ठिकाणीं बसून असा संग्रह चाळतांना एक प्रश्न मनांत येतो: खेळाडूचें स्मरण खरोखर राखतें कोण?

बाळू पालवणकरांचेंच उदाहरण घ्या. अस्पृश्य मानलेल्या चर्मकार कुळांतले हे गृहस्थ पुण्यास मैदानाची निगा राखतां राखतां नामांकित डावखुरे गोलंदाज झाले. त्यांचा चेंडू सोंवळ्या सोबत्यांस चालत असे. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांतून मिळे. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरीही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. याच विठ्ठलरावांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ प्रसिद्ध करून त्या घराची हकीकत मराठींत जतन केली.

चित्रपत्र चेहरा दाखवितें. त्या माणसास काय सोसावें लागलें, तें सांगावयास पुस्तकच लागतें. संग्राहकानें आपल्या पेटींत त्या पुस्तकासही जागा द्यावी.