हजेरीपत्रक (रोजगार हमी योजना)

हजेरीपत्रक हा रोजगार हमी योजनेच्या कामावरील मजुरांच्या उपस्थितीची नोंद ठेवणारा अधिकृत दस्तऐवज होय. बोलीभाषेत त्यास ‘मस्टर’ म्हणतात. कारखान्यात वा कचेरीत मनुष्यबळ व्यवस्थापनासाठी वेगवेगळी साधने असतात. मातीकामावर मात्र नेमणूक, हजेरी, मजुरी आणि तक्रार या साऱ्या बाबी या एकाच कागदाशी निगडित असतात. ज्याचे नाव त्यावर नाही, त्याने दिवसभर माती वाहिली तरी त्याची मजुरी निघत नाही.

इतिहास

महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकारास आली. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला. त्यासाठीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या खर्चासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू केला. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा दिसणारी ही कपात मुळात खेड्यातील हजेरीपत्रकासाठी सुरू झाली, हे अनेकांस ठाऊक नसते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. २००६ मधील पहिल्या टप्प्यात गोंदिया जिल्ह्याचा समावेश होता.

कार्यपद्धती

मजूर ग्रामपंचायतीत नोंदणी करून जॉब कार्ड घेतो व ‘नमुना ४’ भरून काम मागतो. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याची तरतूद असल्याने मागणीची दिनांकित पोच महत्त्वाची ठरते. पूर्वी हजेरीपत्रक कोरे येई व नावे कामावरच लिहिली जात. त्यामुळे बनावट नावांस वाव होता. ई-मस्टरमध्ये मागणी करणाऱ्यांची नावे आधीच छापलेली असतात. मागणीच नोंदली गेली नाही, तर मजूर कामावर जाऊनही यादीबाहेर राहतो. म्हणजे गैरप्रकाराची एक वाट बंद झाली, पण मजुराचे अवलंबित्व मेटाकडून ग्रामरोजगार सेवकाकडे सरकले.

हजेरी आणि मोजमाप

हजेरी लागली म्हणजे पूर्ण मजुरी मिळाली, असे नव्हे. महाराष्ट्रात मजुरी प्रामुख्याने कामाच्या मोजमापावर ठरते. खोदलेल्या मातीचे घनमाप मोजमाप पुस्तिकेत नोंदले जाते, दरसूचीप्रमाणे रक्कम काढली जाते आणि गटातील मजुरांत ती हजेरीच्या दिवसांनुसार वाटली जाते. मऊ माती, मुरूम व कठीण मुरूम यांचे दर वेगळे असतात. माती किती दूर व किती उंच वाहिली, हेही पाहिले जाते. प्रमाणित कामावरून मोबदला ठरवण्याची ही रीत अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर याच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’शी जुळते. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने हा विचार मांडला. परंतु टेलर कामासाठी योग्य माणूस निवडून घेत असे. रोजगार हमीत वृद्ध वा अशक्त मजुरास नाकारता येत नाही. त्यामुळे जमिनीचा प्रकार चुकीचा लिहिला, तर त्याची झळ सर्वांत आधी अशाच मजुरांच्या गटास बसते.

आमगाव परिसर

आमगाव तालुका धानाचा आहे. रोवणी व कापणीच्या हंगामात शेतावर हातांस काम असते. उन्हाळ्यात मजूर योजनेकडे वळतात. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील गाळ काढणे, बोड्या व पांदण रस्ते ही येथील परिचित कामे होत. तलाव कोरडा पडल्यावरच गाळ निघतो व पावसाआधी काम आटोपावे लागते. म्हणून हजेरीपत्रक काही दिवस उशिरा निघाले, तरी हंगामातील रोजगार बुडतो.

मोबाइल हजेरी व तपासणी

२०२३ च्या प्रारंभापासून सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाइलवर हजेरी घेणे सक्तीचे झाले. नेटवर्क नसलेल्या गावांत त्यामुळे काम करूनही हजेरी न लागण्याची अडचण उद्भवते. हजेरीपत्रके लोकांसाठी खुली असून, कायद्यातील सामाजिक अंकेक्षणात ग्रामसभेसमोर नावांची पडताळणी होते. कामावर नसलेल्या व्यक्तीचे नाव यादीत असल्यास ते तेथे प्रथम गावकऱ्यांच्याच लक्षात येते.